बार्माचे जंगल: खटला हरलेले योर्टा योर्टा व्यवस्थापनात कसे आले

ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय उद्यानाच्या कारभारात मूलनिवासींचा सहभाग म्हटले की आधी मध्य ऑस्ट्रेलियातले उलुरू आठवते. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी तिथली जमीन अनांगू लोकांना परत मिळाली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्यानासाठी सरकारला दिली. आधी मालकी, मग संयुक्त व्यवस्थापन. व्हिक्टोरिया राज्यातल्या बार्मा जंगलात मात्र मालकी मिळाली नाही, तरी व्यवस्थापनात वाटा मिळाला. हे कसे घडले ते कळण्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

मरे नदीच्या एका काठाला बार्मा, दुसऱ्या काठाला न्यू साउथ वेल्समधले मिलेवा. दोन्ही मिळून रिव्हर रेड गमचे जगातले सर्वांत मोठे जंगल होते. रेड गम ही निलगिरीचीच एक जात, भारतातही तिची लागवड झाली आहे. इथली झाडे मात्र नदीच्या पुरावर वाढलेली. हा योर्टा योर्टा या मूलनिवासी लोकांचा प्रदेश. १८४०च्या दशकात गोरे मेंढपाळ आले, मागोमाग लाकूडतोड आली. पुढे हे राज्य वन झाले, पण लाकूड आणि गुरांची चराई चालूच राहिली. ज्यांचे हे जंगल, त्यांना त्याच्या कारभारात कोणी विचारले नाही.

१८८१ साली याच भागातल्या मलोगा या ख्रिस्ती मिशनमधल्या ४२ मूलनिवासी पुरुषांनी न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरकडे अर्ज केला. आमची सगळी जमीन सरकारने आणि गोऱ्यांनी घेतली, शिकारीच्या रानात आता मेंढ्या चरतात, शिकार उरलेली नाही. तेव्हा शेती करायला, जनावरे पाळायला थोडी जमीन द्या, अशी त्यांची मागणी होती. पुढे कमेराग्युंजा ही राखीव वस्ती झाली. तिथल्या जाचाला कंटाळून फेब्रुवारी १९३९ मध्ये दीडशेहून अधिक लोक वस्ती सोडून नदीपलीकडे व्हिक्टोरियात गेले आणि तिथेच तळ ठोकून राहिले.

१९९२ च्या माबो निकालाने मूलनिवासींचा जमिनीवरचा पूर्वापार हक्क मान्य केला, १९९३ मध्ये त्याचा कायदा झाला. योर्टा योर्टांनी १९९४ मध्ये दावा लावला. डिसेंबर १९९८ मध्ये न्यायमूर्ती ओल्नी यांनी तो फेटाळला. एकोणिसावे शतक संपण्याआधीच या लोकांचा परंपरेनुसार जमिनीशी असलेला संबंध संपला होता, असे त्यांचे म्हणणे. वडीलधाऱ्यांच्या तोंडी साक्षींपेक्षा एडवर्ड कर या गोऱ्या मेंढपाळाच्या आठवणींना त्यांनी अधिक वजन दिले. आणि जुन्या जीवनाचा धागा तुटल्याचा पुरावा म्हणून त्यांनी कशाचा आधार घेतला? त्याच १८८१ च्या अर्जाचा. ज्यांची जमीन हिसकावली त्यांनी पोटासाठी तुकडा मागितला, तर तेच त्यांच्याविरुद्ध वापरले गेले. हा निकाल वाचताना मला आजही संताप येतो. डिसेंबर २००२ मध्ये उच्चतम न्यायालयानेही, दोन न्यायाधीशांची असहमती नोंदवून, तो कायम ठेवला.

कोर्टाचे दार बंद झाल्यावर वाटाघाटीचे उघडले. २००४ मध्ये व्हिक्टोरिया सरकारने योर्टा योर्टांशी सहकार्याचा करार केला. दरम्यान जंगल सुकत होते. १९३६ मध्ये पूर्ण झालेल्या ह्यूम धरणानंतर नदीचे चक्रच फिरले. पूर्वी हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात पूर यायचा. आता सिंचनासाठी उन्हाळ्यात पाणी सोडले जाते. पूरमैदानावरच्या मोइरा गवताला योग्य वेळी, खोल आणि बराच काळ साचलेले पाणी लागते. ते मिळेना, तसे गवत झपाट्याने कमी झाले. राज्याच्या पर्यावरण मूल्यमापन परिषदेने २००८ मध्ये रेड गमच्या जंगलांना उद्यानाचा दर्जा देण्याची आणि मूळ मालकांना व्यवस्थापनात घेण्याची शिफारस केली. गुरे आणि लाकूड यांवर पोट असलेल्या गावांचा विरोध होता, आणि त्यांची काळजी खोटी नव्हती. तरीही २०१० मध्ये बार्मा राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच वर्षी योर्टा योर्टांशी भूमी व्यवस्थापनाचा करार झाला; त्यानुसार पुढे मंडळही नेमले गेले.

त्या करारात जमिनीची मालकी नव्हती. त्याच वर्षी पूर्व व्हिक्टोरियातल्या गुनाईकुर्नाई लोकांचा मात्र न्यायालयाने पूर्वापार हक्क मान्य केला आणि त्यांना दहा उद्याने व राखीव क्षेत्रे यांची मालकी मिळाली. एकाच राज्यात, एकाच वर्षी, दोन समूहांच्या वाट्याला इतके वेगळे काही आले, ते बहुतांशी एका जुन्या निकालामुळे.

मंडळाचा उद्यानासाठीचा आराखडा आल्यावर खरी परीक्षा रानटी घोड्यांवर झाली. उरलेसुरले मोइरा गवत घोडे खातात, तुडवतात, म्हणून त्यांची संख्या कमी करायची ठरली. घोड्यांना वारसा मानणाऱ्यांनी जोरदार विरोध केला. इथला वारसा कोणता आणि तो ठरवणार कोण, या वादात योर्टा योर्टा आता बाहेरचे अर्जदार नाहीत, आराखडा करणाऱ्यांत आहेत.