दगडाची पूड, सरस आणि अजिंठा: आजच्या जपानी चित्रकारांची पार्श्वभूमी

ताकाशी मुराकामीची हसरी, रंगीबेरंगी फुलं आता हँडबॅगांपासून उशांपर्यंत सगळीकडे दिसतात. ती पाहिली की हा चित्रकार थेट कार्टूनच्या दुनियेतून आला असावा असं वाटतं. कॉमिक्स आणि ॲनिमेशनवर त्याचं प्रेम आहेच. पण टोकियोच्या कला विद्यापीठातून १९९३ साली त्याने डॉक्टरेट मिळवली, ती ‘निहोंगा’ या विषयात. ठिपक्यांसाठी आणि भोपळ्यांसाठी जगभर नाव झालेल्या यायोई कुसामाही १९४८ साली क्योतोला गेल्या त्या निहोंगा शिकायलाच. धबधबे रंगवणारे हिरोशी सेंजू आणि रेशमावर मृत्यू रंगवणाऱ्या फुयुको मात्सुई हे दोघेही त्याच शाळेतले. म्हणून या मंडळींना प्रेरणा कुठून मिळाली हे समजून घ्यायचं, तर आधी निहोंगाकडे जावं लागतं.

निहोंगा म्हणजे ‘जपानी चित्र’. हे नाव काही फार जुनं नाही. १८६८ पूर्वी कानो, तोसा, रिनपा अशी घराणी होती आणि त्या सगळ्यांना मिळून एक नाव देण्याची कुणाला गरजच पडली नव्हती. विलायती माल आला की आपल्याला ‘देशी’ हा शब्द लागतो, तसंच तिथे झालं. १८६८ साली सुरू झालेल्या मेइजी राजवटीत तैलचित्रं आली, सरकारने इटालियन शिक्षक बोलावले, आणि जुन्या चित्रांची किंमत मातीमोल झाली. टोकियोला तत्त्वज्ञान शिकवायला आलेला अर्नेस्ट फेनोलोसा हा अमेरिकन माणूस १८८२ साली जाहीर भाषणात जपानी चित्रकलेच्या बाजूने उभा राहिला. त्याच्या बरोबरीने त्याचे विद्यार्थी ओकाकुरा काकुझो यांनी पुढाकार घेतला. १८८९ साली टोकियोत सरकारी कलाशाळा सुरू झाली तेव्हा तिथे तैलरंग शिकवतच नव्हते. तो विभाग १८९६ साली आला.

निहोंगाचं साहित्य एकदा तरी जवळून पाहावं असं आहे. इथे रंग ट्यूबमधून येत नाहीत. अ‍ॅझुराइट, मॅलाकाइट, हिंगूळ असे खनिज दगड कुटून त्यांची पूड करतात आणि कणांच्या जाडीनुसार ती निवडतात. एकाच निळ्या दगडाची जाड पूड गडद दिसते आणि बारीक होत जाईल तशी फिकी. पांढरा रंग कालवांच्या शिंपल्यांचा असतो. त्या पिठात सरस घालून गोळा मळायचा आणि तो बशीवर शंभर वेळा आपटायचा, तेव्हा कुठे तो एकजीव होतो. सरस जनावराच्या कातड्याचा असतो. तो पाण्यात भिजवून मंद आचेवर विरघळवतात, आणि बशीतल्या पुडीत बोटाने कालवतात. सरस कमी पडला तर रंग झडतो आणि जास्त झाला तर तडकतो. बोटाला ते कळायला वर्षं जातात.

शिकण्याची रीतही तशीच. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवायचा, तो भराभर वर-खाली गुंडाळायचा आणि डोळ्यात उरलेल्या प्रतिमेवरून रेघ ओढायची. आपल्याकडे ‘नक्कल’ म्हटलं की हलकं वाटतं. तिथे थोर चित्रकारही आयुष्याची वर्षं जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात घालवत आले आहेत. मला या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच सापडते. जपानमध्ये प्रेरणा नुसती डोळ्यांतून येत नाही, ती हातातून येते.

आणि या वाटेवर अजिंठा लागतो. १८९८ साली ओकाकुरांना त्या कलाशाळेचं प्रमुखपद सोडावं लागलं. पुढे ते भारतात आले आणि कलकत्त्यात ठाकूर कुटुंबाशी त्यांचा स्नेह जुळला. १९०३ साली त्यांचे शिष्य योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो कलकत्त्याला ठाकूरांकडे येऊन राहिले. बाह्यरेषा गाळून नुसत्या धूसर रंगाने चित्र उभं करण्याच्या त्यांच्या पद्धतीला जपानी टीकाकार नावं ठेवत होते. रवींद्रनाथांचे पुतणे, चित्रकार अवनींद्रनाथ यांनी मात्र ताइकानचं काम बघून आपलं वॉशचं, म्हणजे पातळ पाणीदार रंगांच्या थरांचं तंत्र घडवलं. मग १९१६ साली रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून आराई काम्पो हे जपानी चित्रकार आले. त्यांनी कलकत्त्यात ब्रश चालवायला शिकवलं आणि १९१७ च्या अखेरीस अजिंठ्याला मुक्काम ठोकला. लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. अपुऱ्या उजेडात उभं राहून या माणसाने तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. १९२३ च्या कांतो भूकंपात टोकियो जळालं, त्यात त्या गेल्या.

अजिंठ्याचं त्यांना एवढं वेड का? उत्तर नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिरात आहे. तिथल्या सातव्या-आठव्या शतकांतल्या भित्तिचित्रांमधला बोधिसत्त्व बघा आणि मग अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. तीच कललेली मान, तेच अर्धोन्मीलित डोळे. मधल्या वाटेवर मध्य आशिया आणि चीन आहेत, पण नातं लपत नाही. अजिंठ्यातही रंग कोरड्या गिलाव्यावर चिकट द्रव्यात कालवून लावलेले आहेत आणि तिथला निळा लाजवर्द आहे. निहोंगाच्या चित्रकाराला ते काम परकं वाटलं नसणार. १९४० साली होर्यूजीच्या चित्रांच्या प्रतिकृती करायचं ठरलं तेव्हा त्या कामातही आराई काम्पो होते. ते काम सुरू असतानाच २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे मंदिराला आग लागली आणि मूळ चित्रं करपली. हळहळलेल्या जपानने दुसऱ्याच वर्षी सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. १९६७ साली होर्यूजीसाठी ती चित्रं नव्याने रंगवायला घेतली, तेव्हा त्या चमूत इकुओ हिरायामा होते.

हिरायामांकडे थोडं थांबायला हवं. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हा शाळकरी मुलगा हिरोशिमात होता. तो वाचला, पण किरणोत्साराने रक्त बिघडवलं. १९५९ साली तब्येत ढासळलेली असताना त्यांनी ह्युएन त्संगच्या प्रवासाचं चित्र काढलं आणि तिथून त्यांना आयुष्यभराचा विषय मिळाला: बौद्ध धर्म ज्या वाटेने पूर्वेकडे गेला ती वाट. हिरोशिमाची आग त्यांनी कागदावर आणली ती थेट १९७९ साली. नारामधल्या याकुशीजी मंदिरात त्यांनी ह्युएन त्संगचा मार्ग भिंतींवर रंगवला आणि २००० सालच्या शेवटच्या दिवशी तो अर्पण केला. त्यात बामियान आहे, नालंदा आहे, आणि दख्खनच्या पठारावरची संध्याकाळसुद्धा आहे. ह्युएन त्संगने महाराष्ट्राबद्दल लिहिलेलं आपण शाळेत वाचतो. तोच प्रवास तिकडे खनिज रंगांत उभा आहे.

मुराकामी डॉक्टरेट करत होता तेव्हा त्या विद्यापीठाचे अध्यक्ष हिरायामाच होते. नवी पिढी मात्र या गांभीर्याशी भांडतच पुढे आली. कुसामांना क्योतोतलं गुरु-शिष्यांचं वातावरण गुदमरवणारं वाटलं आणि १९५७ साली त्यांनी अमेरिका गाठली. त्यांचे ठिपके लहानपणी होणाऱ्या भासांमधून आलेले आहेत, तर भोपळे घरच्या रोपवाटिकेच्या आठवणींतले. योशितोमो नारा या शाळेतला नव्हेच. आओमोरीतलं एकटं बालपण, अमेरिकन लष्करी तळावरून ऐकू येणारा रेडिओ आणि रेकॉर्डची कव्हरं, यांतून त्याच्या रागीट डोळ्यांच्या मुली जन्मल्या.

फुयुको मात्सुई यांनी २००४ साली रेशमावर फुलांत पडलेलं स्त्रीचं प्रेत रंगवलं. पोट उघडं, चेहरा शांत. त्यामागे ‘कुसोझु’ ही जुनी जपानी चित्रपरंपरा आहे, ज्यात प्रेताच्या विघटनाच्या नऊ अवस्था दाखवतात. पाली ग्रंथांतली अशुभ भावना, म्हणजे प्रेताकडे पाहून देहाच्या नश्वरतेचं चिंतन करण्याची साधना, ज्यांना ठाऊक आहे त्यांना तिचं मूळ सांगायला नको. सेंजू कागदावर वरून रंग ओततात आणि तो खाली वाहू देतात. धबधब्याचं चित्र तिथे खरोखर धबधब्यासारखं पडतं.

मुराकामीने जुन्याकडे परत जाण्याची वाट वेगळी काढली. कलेतिहासकार त्सुजी नोबुओ यांनी १९७० साली मेइजीच्या आधीच्या एदो काळातल्या विक्षिप्त चित्रकारांवर पुस्तक लिहिलं होतं. पुढे एका मासिकात त्सुजी जुनं चित्र नेमून द्यायचे आणि मुराकामी त्याला आपल्या चित्राने उत्तर द्यायचा. मग २०११ चा भूकंप आणि त्सुनामी आली. त्याला एकोणिसाव्या शतकातल्या कानो काझुनोबु या चित्रकाराच्या पाचशे अर्हतांची, म्हणजे बुद्धाच्या मुक्त झालेल्या शिष्यांची, आठवण झाली. ती १०० चित्रं काझुनोबुने १८५५ च्या एदो (टोकियोचं जुनं नाव) भूकंपाच्या काळात टोकियोच्या झोजोजी मंदिरासाठी काढायला घेतली होती आणि ती पुरी होण्याआधीच १८६३ साली तो गेला. उरलेलं काम त्याच्या बायकोने आणि शिष्याने केलं. मुराकामीने १०० मीटर लांब आणि ३ मीटर उंच पटावर आपले पाचशे अर्हत रंगवले. सुरकुतलेले, वटारल्या डोळ्यांचे, भडक रंगांचे. आपत्तीत मदतीला धावून आलेल्या कतारचे आभार म्हणून २०१२ साली ते सर्वांत आधी दोहामध्ये मांडले गेले.