‘व्यापार’वरची तक्रार सव्वाशे वर्षांची आहे

‘व्यापार’च्या पटाबद्दल मत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. कादंबरीचा विषय निघाला की ‘वाचायची राहिलीय’ म्हणून सुटता येतं, सिनेमाचं नाव काढलं की ‘अजून बघितला नाही’ म्हणता येतं. पण ‘व्यापार’ (कुणाकडे तो ‘बिझनेस’ असतो, कुणाकडे ‘नवा व्यापार’) मे महिन्याच्या सुट्टीत जवळजवळ प्रत्येकाने खेळलेला असतो. आणि मतं ऐकायला बसलं तर ती फिरून फिरून तीच असतात. डाव संपता संपत नाही. सुरुवातीला ज्याला चांगल्या जागा मिळाल्या तोच जिंकतो. शेवटचा तासभर बाकीचे नुसते भाडं भरत बसतात. आणि भांडण ठरलेलं.

आमच्याकडचा पट मधल्या घडीवर फाटलेला होता, त्याला आजीच्या हातची चिकटपट्टी. प्लास्टिकची घरं पहिल्याच वर्षी हरवली, मग घरांच्या जागी चिंचोके आले आणि हॉटेल म्हणून लाल पेनाचं टोपण. पाचशेच्या नोटा कमी पडायला लागल्या तेव्हा थोरल्या दादाने वहीच्या कागदावर 500 लिहून खाली स्वतःची सही ठोकली आणि ती नोट पुढे कितीतरी सुट्ट्या चलनात होती. पहिला वाद बँकेत कोण बसणार यावर व्हायचा, कारण बँकवाल्याच्या मांडीखाली डाव मोडताना एखाददुसरी नोट सापडायचीच. धाकटी मावसबहीण कच्चा लिंबू, तिने भाडं द्यायचं नाही. आणि दादाचं दिवाळं निघायला लागलं की नेमकी त्याला तहान लागायची आणि उठताना पट पायाने उधळला जायचा. रडीचा डाव, दुसरं काय.

अशी चिडचिड व्हावी म्हणूनच हा खेळ बनवला होता, हे मला फार उशिरा कळलं.

आपला ‘व्यापार’ म्हणजे अमेरिकेतल्या ‘मोनोपॉली’ची देशी आवृत्ती. तिकडचे रस्ते जाऊन मुंबई, दिल्ली आली, डॉलरचे रुपये झाले, बाकी चौकट तीच. जागा घ्यायची, त्यावर घर बांधायचं, आणि दुसऱ्याची सोंगटी तिथे पडली की भाडं वसूल करायचं. मोनोपॉलीच्या डब्यात अनेक वर्षं एक गोष्ट छापून यायची. चार्ल्स डॅरो नावाच्या फिलाडेल्फियाच्या एका बेकार माणसाला मंदीच्या काळात हा खेळ सुचला, आणि त्यातून तो लक्षाधीश झाला. गरीब माणूस, एक कल्पना, मेहनत, यश. गोष्ट फारच छान होती. त्यातला तो बेकार होता हा भाग खरा आणि लक्षाधीश झाला हाही. खेळ मात्र त्याला सुचलेला नव्हता.

तो सुचला होता एलिझाबेथ मॅगी या बाईंना. त्यांना सगळे लिझी म्हणत. जन्म 1866 चा, इलिनॉयमधला. वडील वर्तमानपत्र चालवायचे, गुलामगिरीचे कडवे विरोधक. लिझी वॉशिंग्टनमध्ये टपाल खात्यात लघुलेखनाचं काम करायच्या. पत्ता न सापडलेली पत्रं जिथे येऊन पडतात त्या कचेरीत. टायपरायटरमधून कागद सहज सरकावा म्हणून केलेल्या एका सुधारणेचं पेटंट त्यांनी त्याआधीच मिळवलं होतं. बाई हरहुन्नरी आणि तिखट होत्या. अविवाहित बाईचं पगारात भागत नाही हे दाखवायला 1906 मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की एक तरुण अमेरिकन स्त्री गुलाम विकणे आहे, जास्त बोली लावणाऱ्याला मिळेल. त्यावर देशभर बोभाटा झाला.

वडिलांनी त्यांच्या हातात हेन्री जॉर्ज यांचं 1879 सालचं ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ दिलं होतं. जॉर्ज यांचं म्हणणं आपल्याकडे हिंजवडीच्या उदाहरणाने चटकन समजतं. रस्ता सरकारने केला, नोकऱ्या कंपन्यांनी आणल्या, माणसं गावोगावहून आली. भाव वाढला तो मात्र जमिनीचा, आणि तो मालकाच्या खिशात गेला. मालकाने काय केलं? जमीन धरून ठेवली. ही वाढ सगळ्यांनी मिळून निर्माण केली, तेव्हा ती कराच्या रूपाने सगळ्यांकडे परत यावी आणि माणसाच्या कष्टावर, मालावर दुसरे कर लावू नयेत, असा जॉर्ज यांचा आग्रह. त्याला ‘सिंगल टॅक्स’ म्हणत. त्या काळी या विचाराचे क्लब होते, मासिकं होती, सभा भरत. लिझीबाई संध्याकाळी हेच शिकवत आणि लोक जांभया देत. मग त्यांनी पट आखला.

त्याचं नाव ‘द लँडलॉर्ड्स गेम’, म्हणजे जमीनदाराचा खेळ. पेटंट मिळालं 5 जानेवारी 1904 ला. त्याची आकृती आज पाहिली तर अंगावर काटा येतो, इतकी ती ओळखीची आहे. चौकोनी पट, कडेकडेने घरं, प्रत्येक बाजूच्या मध्यावर रेल्वे, एका कोपऱ्यात तुरुंग, एका कोपऱ्यात सार्वजनिक बाग. तुरुंगात पाठवणारा कोपरा हा इंग्लंडमधल्या एका लॉर्डसाहेबांच्या खासगी जमिनीचा आहे, तिथे पाऊल टाकलं म्हणून शिक्षा. आणि जिथून आपण ‘स्टार्ट’ करतो तिथे धरणीमातेचं चित्र, आणि भोवती मजकूर असा की भूमातेवर केलेल्या श्रमातून मजुरी मिळते. फेरी पूर्ण झाली की 100 डॉलर. आपण लहानपणी ‘स्टार्ट’ ओलांडून बँकेपुढे हात पसरायचो, ती ही मजुरी.

पुढे या खेळाला नियमांचे दोन संच मिळाले. एका संचात जागा बळकावायच्या, भाडं उकळायचं आणि बाकीच्यांना कफल्लक करायचं. दुसऱ्यात कुणीही नवी जागा घेतली की फायदा सगळ्यांना, आणि सर्वांत कमी पैशांनी सुरुवात करणाऱ्याचे पैसे दुप्पट झाले की सगळेच जिंकले. दोन्ही प्रकारे खेळून बघा आणि कोणत्या जगात राहायला आवडेल ते ठरवा, असा त्यामागचा हिशोब. मुलांना जमीनदारीतला अन्याय खेळता खेळता कळावा आणि मोठी झाल्यावर त्यांनी तो दूर करावा, अशी बाईंची इच्छा होती.

मुलांनी, आणि मोठ्यांनीही, कफल्लक करण्याचे नियम उचलले. दुसरा संच विस्मरणात गेला. मला यात नवल वाटत नाही. सगळ्यांनी मिळून जिंकायचा डाव कुणी रात्री अकरापर्यंत ताणून खेळेल का?

आपल्याकडच्या मोक्षपटाचीही थोडी अशीच गत झाली. जुन्या पटांवर शिड्यांना सद्गुणांची नावं असत, सापांना दुर्गुणांची, आणि शेवटच्या घरात मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हा पट इंग्लंडमध्ये गेला, हळूहळू नावं गळून पडली आणि साप नि शिड्या उरल्या. धडा गाळून गंमत तेवढी ठेवायची ही खेळणाऱ्यांची जुनीच खोड.

जमीनदाराचा खेळ दुकानांतून फारसा विकला गेला नाही. तो हाताने पसरला. डेलावेअर राज्यात आर्डेन नावाचं खेडं 1900 मध्ये जॉर्ज यांच्याच तत्त्वावर वसवलेलं होतं, तिथे तो खेळला जायचा. तिथून कॉलेजांत गेला. लोक मेणकापडावर नाहीतर पुठ्ठ्यावर स्वतः पट काढायचे आणि आपल्या गावचे रस्ते त्यावर लिहायचे. ज्याला जो नियम पटला नाही तो त्याने बदलला. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी त्यात तिथले रस्ते घातले आणि जागांना ठरावीक किमती लावल्या. आधी लिलाव चालायचा, आणि या शांतताप्रिय मंडळींना घरात ओरडाआरडा नको होता. तीस वर्षं असं चाललं. मोनोपॉलीचा लेखक शोधायचा तर या शेकडो खेळणाऱ्यांचीही नावं लिहावी लागतील.

डॅरोला हा पट फिलाडेल्फियात एका ओळखीच्या कुटुंबाने शिकवला. त्याने नियम लिहून मागितले आणि पट जसाच्या तसा उतरवला. इतका जसाच्या तसा, की ‘मार्व्हेन गार्डन्स’ या वस्तीचं नाव शिकवणाऱ्याने चुकून ‘मार्व्हिन’ लिहिलं होतं, तेही तसंच आलं. ती चूक आजही पटावर आहे. कॉपी करणारा मुलगा शेजाऱ्याचं नावसुद्धा उतरवतो, त्यातला प्रकार. पार्कर ब्रदर्स कंपनीने 1934 मध्ये डॅरोला आधी नकार दिला. फार लांबतो आणि फार किचकट आहे, असं कंपनीला वाटलं. म्हणजे आपली तक्रार तिथेही नोंदवलेली होती! नाताळात फिलाडेल्फियाच्या दुकानांतून डॅरोचे डबे खपले तेव्हा कंपनीचं मत बदललं आणि 1935 मध्ये तिने खेळ विकत घेतला.

मग कंपनीला कळलं, की याचं पेटंट आधीच कुणाच्या तरी नावावर आहे. लिझीबाईंनी 1924 मध्ये सुधारित पटाचं दुसरं पेटंट घेतलेलं होतं. कंपनीने ते 500 डॉलरना विकत घेतलं. पुढच्या खपावर मानधन नाही. आता आपला विचार घरोघरी जाणार, या आनंदात बाईंनी सही केली. 1936 च्या जानेवारीत त्या आपले जुने पट घेऊन वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्राकडे गेल्या, फोटोही छापून आला, पण डॅरोची गोष्ट तोवर पक्की बसली होती. 1940 च्या जनगणनेत त्यांनी आपला व्यवसाय ‘खेळ बनवणे’ असा सांगितला. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य आहे. 1948 मध्ये त्या वारल्या.

हे सगळं उजेडात आलं तेही एका खेळणाऱ्याच्या वैयक्तिक मतामुळे. राल्फ अॅन्सपाक हे सॅन फ्रान्सिस्कोत अर्थशास्त्र शिकवायचे. मक्तेदारीचं कौतुक करणारा खेळ आपली मुलं खेळतात हे त्यांना पटेना. त्यांनी 1973 मध्ये ‘अँटी-मोनोपॉली’ काढला. कंपनीने नावावरून कायद्याचा बडगा उगारला, आणि बचावासाठी पुरावे शोधता शोधता अॅन्सपाक थेट 1904 च्या पेटंटपर्यंत पोहोचले. क्वेकर मंडळींपैकी हयात असलेल्यांना त्यांनी गाठलं, मेणकापडावरचे पट मिळवले. मधल्या काळात, 1977 मध्ये, त्यांच्या खेळाचे सुमारे 40,000 डबे कोर्टाच्या हुकमावरून मिनेसोटात कचऱ्याच्या खड्ड्यात पुरलेही गेले. खटला दहा वर्षं चालला आणि शेवटी निकाल त्यांच्या बाजूने लागला.

उरला प्रश्न डाव लांबण्याचा. त्याला बऱ्याच अंशी आपणच जबाबदार आहोत. छापील नियम सांगतो, की सोंगटी जिथे पडली ती जागा खेळाडूने घेतली नाही तर तिचा तिथल्या तिथे लिलाव करायचा. किती घरांत हा लिलाव होतो? आमच्याकडे कधीच झाला नाही, नियमांचा कागद वाचायला तो आधी हरवायला नको होता. लिलाव नसला की जागा पडून राहतात आणि फेऱ्या वाढतात. दुसरी सवय दंडाचे पैसे पटाच्या मधोमध साठवायचे आणि ठरावीक घरात येणाऱ्याला बक्षीस द्यायचे. तिसरी, हरणाऱ्याला उधार. खेळात पैसा आटत जायला हवा तिथे आपण तो ओतत राहतो, मग दिवाळं निघणार कसं आणि डाव संपणार कसा? हरणाऱ्याची दया येऊन केलेले हे नियम त्याला आणखी तासभर हरत ठेवतात. हे घरगुती नियम इतके रुजलेत, की 2014 मध्ये कंपनीने लोकांकडून ते मागवले आणि त्यांतले निवडक घालून वेगळी आवृत्तीच काढली.

जर्मनीत 1979 पासून दरवर्षी उत्तम खेळाला पारितोषिक देतात. तिथून पुढे आलेल्या खेळांनी, 1995 च्या ‘कटान’सारख्यांनी, ही तक्रार गांभीर्याने घेतली. त्यांत सहसा कुणाला मध्येच बाद करत नाहीत, सगळे शेवटपर्यंत खेळतात. मला ते खेळ आवडतात. पण त्यांत पट उधळायची वेळ कुणावर येत नाही, हेही खरं.

गेल्या सुट्टीत भाचरांना घेऊन मी छापील नियमांनी डाव मांडला. लिलावासकट, आणि उधार बंद. पावणेदोन तासांत निकाल लागला. धाकटा भाचा तिसऱ्याच फेरीत लिलावात पैसे उडवून बसला होता, तो हॉटेलवर पडला आणि गेला. काही न बोलता उठून गच्चीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी पट काढला तेव्हा थोरलीने मला न विचारताच जाहीर केलं, ‘मामा, तुझे नियम नकोत. आणि हा आज कच्चा लिंबू.’ डाव संध्याकाळी चहापर्यंत चालला होता आणि बँकेत कुणीतरी चिटिंग करत होतं.