शाळूची पार्श्वभूमी : मालदांडी इतकी वर्षे का टिकली

सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, परांडा या पट्ट्यात जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा. खरी भिस्त उत्तरा-हस्ताच्या पावसावर. त्यातून जमीन भारी काळी; झड लागली की पाय रुततो आणि वापसा (मशागतीजोगी ओल) लवकर येत नाही. म्हणून शेतकरी पावसाळाभर रान पड ठेवतो, कुळवाच्या पाळ्या घालतो आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, पेरतो. मालदांडी हा तिचा इथला जुना वाण. पुढे पाऊस आला नाही तरी जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक निघते.

ही रीत जुनी आहे. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची धान्यकोठारे लोकांना खुली केली, ती मंगळवेढ्याचीच. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एवढे धान्य इथे साठलेले असावे, हे मंगळवेढ्याचे रान पाहिलेल्या माणसाला सहज पटते. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

सरकारी संशोधन फार उशिरा आले. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले, १९३३ मध्ये सोलापूरला केंद्र निघाले. बांधबंदिस्ती करा, बियाणे कमी वापरा, ओळींत अंतर ठेवा, कोळपणी करून ओल राखा, असा त्यांचा सल्ला. सल्ला रास्त होता, पण उत्पन्नातली वाढ बेताची, त्यामुळे तो सगळीकडे रुजला नाही. रुजले ते बियाणे. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण काढला गेला.

१९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि खरिपाचे चित्र पालटले. रब्बीत मात्र संकरित वाणांची डाळ शिजली नाही. खोडमाशी, थंडी, दाणे भरताना तुटणारी ओल, ओल तुटली की ताटे आडवी करणारा खडखड्या रोग, या सगळ्यांशी मालदांडी झुंजत आलेली होती. शिवाय पांढऱ्या टपोऱ्या दाण्याची भाकरी आणि जनावरे आवडीने खातात असा कडबा. माझ्या मते कडब्याचे मोल ओळखण्यातच संशोधन बराच काळ कमी पडले. तिकडे हेक्टरी दाणा मोजला जात होता, इथे शेतकरी दाण्याबरोबर पेंढ्याही मोजत होता. दुष्काळी भागात दावणीची जनावरे जगली तरच पुढच्या हंगामाची पेरणी होते. १९७२ च्या दुष्काळात माणसांसाठी परदेशातून मिलो ही तांबडी ज्वारी आली. चारा असा बाहेरून येत नाही.

गेल्या काही दशकांत शाळूचे क्षेत्र घटले. उजनी धरणाचे पाणी पोहोचले तिथे ऊस आला, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. काढणीचा प्रश्न तर आहेच. ज्वारी मुळासकट हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, त्यांची बुचाडे (उभे ढीग) लावायची, मग कणसे मोडायची. कमरेचा काटा ढिला करणारे हे काम, आणि त्याला आता मजूर मिळत नाहीत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार वेगळे वाण दिले : हलक्या रानाला फुले माऊली, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. वाणांची ही दिशा योग्यच आहे. त्यांच्या जोडीला कडबा न मोडता ज्वारी काढणारे, लहान शेतकऱ्याला परवडणारे यंत्र बांधावर पोहोचले, तर शाळूखालचे रान पुन्हा वाढू शकेल.