नांगा पडला, पण दाणा कुठे गेला? मक्याच्या प्लांटरचे दोन वेगळे दोष

प्लांटरनं, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या पेरणी यंत्रानं, पेरलेला मका उगवून आला की बांधावरून पहिली नजर नांग्यांवर जाते. ओळीत हातभर जागा मोकळी दिसली की आपण लगेच म्हणतो, "प्लांटरनं दाणा सोडलाच नाही." कधी ते खरं असतं. पण पुष्कळदा दाणा तिथंच मातीत असतो, फक्त वर आलेला नसतो. पहिला दोष दाणे एकेक मोजून सोडण्यातला, दुसरा दाणा मातीत नीट बसवण्यातला. दोन्ही वरून सारखेच दिसतात, म्हणून गडबड होते आणि भलतंच सेटिंग बदललं जातं.

त्यामुळे आधी खुरपं घ्या आणि नांग्याच्या जागी ओळीतच हलक्या हातानं उकरा.

दाणा सापडलाच नाही, तर प्लेटकडे (दाणे उचलणाऱ्या छिद्रांच्या फिरत्या चकतीकडे) आणि हवेकडे बघा. न्यूमॅटिक प्लांटरमध्ये हवेची ओढ प्लेटच्या प्रत्येक छिद्राला एक दाणा धरून ठेवते. ओढ कमी पडली की छिद्र रिकामं फिरतं, जास्त झाली की एका छिद्राला दोन दाणे चिकटतात. मोठ्या चपट्या दाण्याला ओढ जास्त लागते, बारीक गोल दाण्याला कमी. म्हणून वाण किंवा दाण्याचा आकार बदलला की कालचं सेटिंग आज चालेलच असं नाही. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हवेचा पंखा ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, चालतो. वळताना ड्रायव्हरनं रेस कमी केली आणि तशीच नवी ओळ धरली, तर ओळीच्या सुरुवातीलाच छिद्रं रिकामी जातात. नांगे बांधालगतच जास्त असतील तर ही शंका आधी घ्या.

कधी एक नांगा आणि त्याला खेटून दोन झाडं, अशी जोडी दिसते. तिथं दाण्यांची संख्या बरोबर असते. दाणा नळीत आपटत, उड्या घेत खाली आलेला असतो. ट्रॅक्टर ताशी ४-५ किलोमीटरवर आणला की हे बरंच कमी होतं. ६० बाय २० सेंटिमीटरच्या लागवडीत १० मीटर ओळीत ५० झाडं आणि एकरी सुमारे ३३ हजार झाडं बसतात. टेप टाकून मोजलं की दाणे कमी पडलेत की फक्त सरकलेत, ते कळतं.

आता दुसरी बाजू. उकरल्यावर दाणा सापडला, तर प्लेटला हात लावू नका. दाणा कोरडाच आहे? मग तो ओलीपर्यंत पोचला नाही. मक्याच्या दाण्याला कोंब फुटायला स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी आधी शोषावं लागतं. खोली ४-५ सेंटिमीटर ठरवलेली असली, तरी युनिटवरचा (एकेका ओळीत दाणा पेरणाऱ्या भागावरचा) दाब कमी असला की कडक जमिनीत ते वर उचललं जातं आणि दाणा वरच्या सुक्या थरात राहतो. आमच्या काळ्या रानात वाफसा येण्याआधी घाई केली, की खोलीच्या चाकाला चिखल चिकटतो, चाक जाड होतं आणि तेवढीच खोली कमी होते. उलट ओल्या मातीत दाब जास्त दिला तर चरीच्या भिंती गुळगुळीत, कडक होतात. मुळं आडवी फुटत नाहीत, चरीतूनच धावतात. कोंब मातीखालीच वेडावाकडा वळलेला दिसला, तर वरची माती फार दाबली गेली आहे किंवा पावसानं पापुद्रा धरला आहे.

दोन्हीत मला दुसऱ्या दोषाची काळजी जास्त वाटते, कारण तो अर्धवट असला तर बांधावरून दिसतच नाही. संख्या पूर्ण असते, पण काही झाडं शेजाऱ्यांपेक्षा दोन पानांनी मागे असतात. नांग्याशेजारच्या झाडाला ऊन-खत जास्त मिळतं, त्याचं कणीस थोडं मोठं होऊन नुकसान काही अंशी भरून निघतं. मागे राहिलेलं ताट, म्हणजे झाड, मात्र सावलीतच वाढतं. खत-पाणी घेतं, त्याचे रेशमी केस बाहेर येईपर्यंत आजूबाजूच्या तुऱ्यांतले परागकण बरेचसे झडलेले असतात, आणि कणसात चार दाणे भरतात किंवा तेही नाहीत. मक्याला कपाशीसारख्या फांद्या फुटत नाहीत, त्यामुळे ही कसर पुढे निघत नाही.

हे सगळं पेरणीच्या दिवशीच पकडता येतं. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या की ट्रॅक्टर थांबवा आणि प्रत्येक युनिटमागे मीटरभर चर उघडा. दाणे मोजा, दोन दाण्यांतलं अंतर बघा, खोली पट्टीनं मोजा, दाण्याखालची माती बोटानं दाबून ओल तपासा. चार ओळींच्या प्लांटरला पंधरा-वीस मिनिटं लागतात. भाड्याचा ट्रॅक्टर असला की ड्रायव्हर कुरकुरतो, तरी थांबवाच.

आणि नांगे भरायचेच असतील तर उगवण दिसताच, त्याच दोन-तीन दिवसांत भरा. आठ-दहा दिवसांनी टोकलेला दाणा उगवतो, पण मागे राहिलेल्या ताटासारखाच सावलीत सापडतो.