बालआसन : मोटारीच्या मागच्या सीटवरील बसवणी

बालआसन, म्हणजे रोजच्या बोलण्यातली चाइल्ड सीट, ही गाडीच्या सीटवर वेगळी बांधून मुलाला तिच्यात पट्ट्यांनी बसवायची कवचासारखी बैठक आहे. गाडीचा सीटबेल्ट मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लहान मुलाच्या तो गळ्यावर आणि पोटावर येतो, म्हणून ही बैठक लागते. आसन कितीही चांगले घेतले तरी ते गाडीला किती घट्ट बांधले आहे यावर सगळे अवलंबून असते. सैल बसलेले आसन वरून अगदी नीट दिसते आणि रोजच्या फेऱ्यांत तो सैलपणा जाणवतही नाही. या नोंदीत ‘आसन’ म्हणजे बालआसन आणि ‘सीट’ म्हणजे गाडीची मूळ सीट.

घट्टपणाचे कारण : ताशी ५० किमी वेगाची गाडी धडकून ६० सेंमी अंतरात थांबली असे धरले, तर आतल्या माणसांवर सरासरी गुरुत्वाच्या सुमारे १६ पट जोर येतो. १० किलोचे बाळ त्या क्षणी १६० किलोइतके जड होते. मांडीवरचे बाळ हातांनी धरून ठेवणे कोणालाच शक्य नाही, ते यामुळेच. आसन घट्ट असेल तर बाळ गाडीबरोबरच, त्या पूर्ण ६० सेंटिमीटरमध्ये थांबते. पट्ट्यात ढील असेल तर गाडी थांबू लागली तरी आसन मूळ वेगानेच पुढे जात राहते, आणि ढील संपल्यावर उरलेल्या थोड्याशा अंतरात त्याला हिसक्याने थांबावे लागते.

तोंडाची दिशा : नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. मागे तोंड करून बसवलेल्या बाळाचे डोके, मान आणि पाठ आसनाच्या कवचात एकत्र दाबली जातात, मानेवर ताण येत नाही. अंतराळवीर यानात पाठीवर रेलून बसतात, त्यावरून स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमारास असे पहिले आसन तयार केले. बालआसनांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ नियमानुसार १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच हवे. ही किमान मुदत आहे. आसनावर लिहिलेली उंची किंवा वजन ओलांडेपर्यंत तसेच बसवणे उत्तम. मुलाचे पाय दुमडून सीटच्या पाठीला टेकतात म्हणून पालक घाईने दिशा बदलतात, पण तेवढ्यासाठी बदलण्याची गरज नसते.

मागे तोंड केलेले आसन चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये, कारण फुटणारी पिशवी थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. मागच्या सीटवर मधली जागा दोन्ही दारांपासून लांब असल्याने बाजूच्या धडकेत सर्वांत सुरक्षित असते. मात्र ती अरुंद किंवा मध्ये उंचवटा असलेली असते आणि बऱ्याच गाड्यांत तिथे आयसोफिक्स, म्हणजे आसन थेट गाडीला अडकवायच्या सळ्या, नसतात. मध्ये डगमगणाऱ्या आसनापेक्षा दाराकडे पक्के बसलेले आसन निश्चितच चांगले.

सीटबेल्टने बसवणी : आधी दोन्ही पुस्तिका वाचाव्यात, आसनाची आणि गाडीचीही. आसनाला पट्टा ओवण्याचे दोन मार्ग असू शकतात. युरोपीय प्रमाणाच्या आसनांवर मागे तोंड असतानाच्या मार्गाला निळी खूण आणि पुढे तोंड असतानाच्या मार्गाला लाल खूण असते. चुकीच्या मार्गाने ओवलेला पट्टाही घट्ट लागतो, त्यामुळे ही चूक हाताला कळत नाही, डोळ्यांनीच पाहावी लागते.

पट्टा पीळ न पडता सपाट ओवून बक्कल लावावे. मग आसनात गुडघा किंवा तळहात रोवून ते सीटच्या फोमात दाबावे आणि आधी मांडीवरून जाणारा भाग, मग खांद्याकडचा भाग ओढून ढील काढावी. ओढ ओवणीच्या दिशेने द्यावी. वर ओढले तर आसन एका बाजूने उचलले जाते. नेहमीचा सीटबेल्ट फक्त हिसका बसल्यावर अडकतो, एरवी सरकतो, म्हणून त्याला कायमचे अडकवणे भाग आहे. काही गाड्यांत पट्टा हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढला की तो परत जाताना कटकट आवाज करत जातो आणि मग बाहेर येत नाही. जिथे ही सोय नाही तिथे आसनावरचा, पट्टा पकडून ठेवणारा चिमटा वापरावा.

आता परीक्षा. पट्टा जिथून ओवला आहे तिथेच आसन धरून, साधारण हस्तांदोलनाच्या जोराने, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवावे. २.५ सेंमीपेक्षा जास्त हालता कामा नये. मागे तोंड असलेल्या आसनाचे वरचे टोक हलवून पाहिले तर ते बरेच हलते. तो दोष नव्हे.

एवढे करूनही आसन सैल राहिले तर बक्कल पाहावे. त्याची दांडी लांब असेल तर बक्कल आसनाच्या कडेवर येऊन बसते, पट्टा आणखी ताणला जात नाही आणि धडकेत बक्कल त्या कडेवर वाकून तुटू शकते. अशा वेळी जागा बदलावी. नवजात बाळाचे आसन साधारण ४५ अंशांपर्यंत रेललेले लागते. फार उभे असले तर झोपेत हनुवटी छातीवर पडून श्वास अडू शकतो. आसनावरची कोनदर्शक खूण गाडी सपाट जमिनीवर उभी करूनच वाचावी.

आयसोफिक्स : सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत ६ मिमी जाडीच्या दोन आडव्या सळ्या, एकमेकींपासून २८० मिमी अंतरावर असतात. आयएसओ १३२१६ हे त्यांचे प्रमाण. आसनाचे दोन हात त्यांवर दाबले की दोन वेगळे ‘खट्’ ऐकू यायला हवेत आणि दोन्ही खुणा हिरव्या दिसायला हव्यात. त्यानंतरही ओढून पाहावे, कारण एक बाजू अर्धवट अडकणे ही नेहमीची चूक आहे. पुस्तिकेत स्पष्ट सांगितले नसेल तर आयसोफिक्स आणि सीटबेल्ट दोन्ही एकदम वापरू नयेत.

दोनच टेकूंवर आसन पुढे झुकते, म्हणून तिसरा लागतो. पुढे तोंड असलेल्या आसनाला बहुधा टॉप टेदर, म्हणजे वरच्या टोकाचा पट्टा असतो. त्याची कडी गाडीप्रमाणे सीटच्या पाठीमागे, मागच्या काचेखालच्या फळीवर किंवा डिकीच्या तळाशी असते. सामान बांधायच्या कड्या तशाच दिसतात, पण त्या हा भार पेलण्यासाठी नसतात. हा पट्टा न लावता आसन घट्ट वाटते, म्हणून तो मागे लोंबत ठेवला जातो आणि धडकेत मुलाचे डोके पुढच्या सीटवर आदळण्याइतके पुढे जाऊ शकते. दुसरा पर्याय सपोर्ट लेग, म्हणजे आधाराचा पाय. तो जमिनीवर पक्का टेकावा, पण आसनाला उचलू नये. ज्या गाडीच्या पायाजवळच्या जमिनीत सामानाचा कप्पा असतो तिथे हा पाय पोकळ झाकणावर येतो. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असल्याशिवाय तो तिथे टेकवू नये.

मुलाला बसवताना : आतल्या पट्ट्यांची खोबणी मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली, पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वर घ्यावी. पट्टा ओढल्यावर गळ्याखालच्या आडव्या हाडाजवळ चिमूट धरून पाहावी. पट्ट्याची आडवी घडी बोटांत आली तर तो अजून सैल आहे. जाड जॅकेटमुळे किती ढील राहते ते पाहायचे तर ते घातलेल्या मुलाला पट्टा घट्ट लावावा, मग पट्टा तसाच ठेवून, फक्त बक्कल उघडून जॅकेट काढावे आणि बक्कल पुन्हा लावावे. छातीपाशी जी पोकळी दिसेल तेवढी ढील आधीपासून होती. थंडीत पातळ कपड्यांवर पट्टा बांधून वरून पांघरूण घालणे योग्य.

बूस्टर ही थोड्या मोठ्या मुलांची बैठक. ती गाडीच्या पट्ट्याला योग्य वाट देते, स्वतः मुलाला धरत नाही. खालचा पट्टा पोटावर नाही तर खुब्यांवर आणि मांड्यांच्या सुरुवातीला, वरचा खांद्याच्या मधून जायला हवा. फक्त कमरेचा पट्टा असलेल्या जागेवर बूस्टर वापरता येत नाही. १३५ ते १५० सेंमी उंचीपर्यंत तिची गरज असते. रिकामी बूस्टरही बक्कल लावूनच ठेवावी, नाहीतर ती धडकेत उडते.

देखभाल : सीटचा फोम काही दिवसांत दबतो आणि पट्टा पुन्हा सैल होतो, म्हणून पहिल्या आठवड्यात आणि नंतर दर महिन्याला हलवून पाहावे. पट्टे साबणात किंवा ब्लीचमध्ये भिजवू नयेत, ओल्या फडक्याने पुसावेत. बक्कलमध्ये खाऊचा चुरा अडकला तर ‘खट्’ न होताच ते लागल्यासारखे वाटते. मोठ्या अपघातात सापडलेले आसन फोडून टाकावे. जुने घेताना त्याचा इतिहास माहीत नसेल तर घेऊ नये. मागच्या किंवा खालच्या लेबलावर निर्मितीची तारीख आणि बहुधा वापराची मुदतही छापलेली असते.