घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची आहे? आधी हे कागद बघा

बेळगावात गाडी बांधायची हौस असलेली पोरं कमी नाहीत. उद्यमबागेत लेथ आहे, फौंड्री आहे, चांगला वेल्डर आहे. त्यामुळे लोक आधी गाडी बांधून मोकळे होतात आणि मग आरटीओत चौकशी करतात. तोवर लाखभर रुपये गेलेले असतात. म्हणून कटिंग मशीन हातात घेण्याआधी एवढं वाचा.

नवीकोरी, शून्यातून बांधलेली गाडी

ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला नंबर देतात. आपल्याकडे खाजगी माणसाला तशी सोय नाही. नव्या गाडीच्या नोंदणीसाठी फॉर्म 20 भरताना विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म 21 आणि उत्पादकाचा फॉर्म 22, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, जोडावा लागतो. फॉर्म 22 मिळण्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम 126 प्रमाणे नमुना गाडी पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या वाहन-चाचणी संस्थेतून पास झालेली असावी लागते. हे कंपन्यांचं काम. एका गाडीपायी तो खर्च करण्यात अर्थ नाही.

अशी गाडी बंदिस्त खाजगी जागेत चालवता येते. इंजिनिअरिंगची मुलं स्पर्धेची गाडी टेम्पोत घालून ट्रॅकवर नेतात, ती याचसाठी. शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर लोकांची ये-जा असेल तर ती सार्वजनिक जागाच धरली जाते, हे लक्षात ठेवा.

जुन्या जीपवरून बांधायची असेल तर

खरा मार्ग हाच आहे. पण इथेही मोकळीक बेताचीच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसी, म्हणजे गाडीचा नोंदणी दाखला, जुळली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. म्हणजे गंजलेला पत्रा बदलणं, रंग, सीट, वायरिंग, ब्रेक नवे करणं चालतं. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कापून लांब-आखूड करणं किंवा जीपची स्पोर्ट्स कार करणं चालत नाही. इंजिन बदलायचं तर त्याच बनावटीचं घ्या, आधी आरटीओची परवानगी काढा आणि नव्या इंजिनचं बिल जपून ठेवा. बेकायदा बदलाला कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

जीप विकत घेण्याआधी चासी नंबर स्वतः बघा. रॉकेलच्या फडक्याने मळी काढा, कागद धरून वरून पेन्सिल घासा. उमटलेला एकेक आकडा आरसीशी ताडून पाहा. गंज काढायला तिथे ग्राइंडर मुळीच लावू नका. आकडे पुसट झाले की इन्स्पेक्टरला संशय येणारच, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. रंगाऱ्यालाही तेवढ्या जागेवर पुट्टी मारू नको म्हणून बजावून ठेवा. नोंदणी रद्द होऊन स्क्रॅपमध्ये गेलेल्या गाडीची चासी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

कोल्हापूर-सांगलीकडून गाडी आणताना

आपल्या सीमाभागात जुन्या जीपा बहुधा एमएच 09 किंवा एमएच 10 च्या मिळतात. आधी आरसीची मुदत तपासा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे फॉर्म 25 भरून दर वेळी 5 वर्षांनी वाढवावी लागते. मुदत संपली असेल तर उशिराचे महिन्याला 500 रुपये चढत राहतात. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी 10,000 रुपये झाली आहे. हा हिशोब भाव ठरवतानाच मालकाशी करा.

मालकाने आपल्या आरटीओतून फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, काढून द्यायची. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 वर तो आधी उतरवायचा. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30, आणि कर्नाटकचा नंबर घेण्यासाठी फॉर्म 27. बेळगाव-खानापूरकरांनी केए 22 च्या कार्यालयात, निपाणी-चिक्कोडीकरांनी केए 23 मध्ये जायचं. इथला रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार वेगळा भरावा लागतो. आपल्याकडे आडनावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि इतर कागदांवर दुसरं असं सर्रास असतं. ते आधी दुरुस्त करा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.

दुसऱ्या राज्याचा नंबर 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्यामुळे एमएच पाटीवरच वर्षानुवर्षं फिरवू, हा विचार सोडा.

पासिंगच्या दिवशी

मूळ आरसी, एनओसी, विमा, पीयूसी, आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि चासी-इंजिनच्या पेन्सिल प्रिंट सोबत हव्यात. हॅंडब्रेक, हॉर्न, इंडिकेटर, मागचे लाल दिवे, वायपर, सीट बेल्ट घरीच तपासून जा. हॅंडब्रेक लावून चढावर गाडी उभी करून बघा, जुन्या जीपा बऱ्याचदा तिथेच नापास होतात. नवा नंबर मिळाल्यावर एचएसआरपी, म्हणजे जादा सुरक्षेची सरकारमान्य नंबर पाटी, बसवावी लागते.

आरसीची मुदत संपलेली असेल तर कोगनोळी नाक्यावरून गाडी चालवत आणू नका, टेम्पोत घालून आणा. तशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता मोठी, आणि समोरच्या जखमी माणसाची भरपाई तुमच्या गळ्यात पडू शकते.