गोल्टी कार्बन

सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला: अमुक पाषाणमूर्ती कार्बन डेटिंगने लाखो वर्षांची ठरली! अहो, आपल्या नाशिकचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. त्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास निघतं, पण ते लाव्ह्याचं, मूर्तीचं नव्हे. आणि तेही कार्बनवरून काढत नाहीत. डेटिंगचा कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. पन्नासेक हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही.

अब्जावधी वर्षांमागची हकीकत सांगतात ते त्याचे दोन टिकाऊ भाऊ. कार्बन-१२ सुमारे ९९ टक्के, एक न्यूट्रॉन जास्त असलेला कार्बन-१३ सुमारे १ टक्का. समुद्रात चुनखडक तयार होताना हे प्रमाण त्यात कोंडलं जातं. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा कडप्पाही चुनखडकच. त्यावर लिंबू सांडलं की पांढरट डाग पडतो, कारण आम्ल दगड खातं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. प्रयोगशाळेत लिंबाच्या जागी फॉस्फोरिक आम्ल असतं. सुटलेल्या वायूत ४४ वजनाचे (कार्बन-१२ वाले) रेणू किती, ४५ चे (कार्बन-१३ वाले) किती, हे मास स्पेक्ट्रोमीटर मोजतो.

हे प्रमाण बदलतं कशाने? मुख्यतः जिवांमुळे. प्रकाशसंश्लेषणातलं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) हलका कार्बन-१२ जरा जास्त उचलतं. कांद्याच्या चाळीतली निवडणी आठवा. बाईने गोल्टी, म्हणजे बारीक कांदे, वेगळी काढली की उरलेल्या ढिगातल्या कांद्याचं सरासरी वजन वाढतं. पण ती गोल्टी पुन्हा ढिगात ओतली तर सगळं पूर्ववत. जीव मरून कुजतात तेव्हा हेच होतं. गोल्टी ट्रॅक्टरमध्ये भरून गेली तरच ढीग जड राहतो. तसा मृत जिवांचा हलका कार्बन गाळाखाली गाडला गेला तरच समुद्र, आणि त्यातला चुनखडक, जड होतो. शिवाय गाडल्या गेलेल्या प्रत्येक कार्बन अणूमागे ऑक्सिजनचा एक रेणू मोकळा राहतो. म्हणून मला हा हिशेब इतका आवडतो.

आकडे हजारी फरकात मांडतात: कार्बन-१३ चं प्रमाण एका ठरावीक नमुन्यापेक्षा हजारात किती कमी (उणे) किंवा जास्त (अधिक). ज्वालामुखीतून येणारा कार्बन साधारण उणे ५, सेंद्रिय कार्बन उणे २५, समुद्री चुनखडक शून्याजवळ. जमाखर्च जुळवायचा तर चार भाग चुनखडकात आणि एक भाग सेंद्रिय रूपात गेला पाहिजे: (४ × ०) + (१ × उणे २५), भागिले ५, उत्तर उणे ५. गंमत अशी की साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचे चुनखडकही शून्याच्या आसपासच आहेत. म्हणजे निवडणी तेव्हाही चालू होती. कोणी बघायला नव्हतं, एवढंच.

मग सुमारे २.२ ते २.१ अब्ज वर्षांपूर्वी आकडा अधिक ५ ते १० वर, काही ठिकाणी त्याहून वर चढला. झिम्बाब्वेतल्या एका भागावरून याला लोमागुंडी घटना म्हणतात. वरचाच हिशेब अधिक १० ला लावला (सेंद्रिय कार्बन चुनखडकाहून २५ नेच हलका, म्हणजे आता उणे १५), तर पाचातले तीन भाग सेंद्रिय रूपात गाडले गेले असं निघतं, आणि हवेत ऑक्सिजनचा पूर. हवेत ऑक्सिजन टिकू लागून तेव्हा थोडाच काळ लोटला होता, त्यामुळे ही कथा फार जुळून येते. जरा जास्तच, असं काही भूवैज्ञानिकांना वाटतं. ते म्हणतात, हे खडक बहुतेक उथळ किनारी पाण्यातले; जड झालं ते तिथलं डबकं, सगळा समुद्र नव्हे. निकाल लावायला त्याच काळातले खोल समुद्रातले चुनखडक हवेत, आणि समुद्राचा इतका जुना तळ तर केव्हाच पृथ्वीच्या पोटात गेला आहे.